दारूचा नाद सोडा, छर्रा पारखा

पिस्तूल नेमबाजी शिकायची म्हणून मोबाइलवर शोधाशोध सुरू केली, की थोड्याच वेळात एखादा अमेरिकी गृहस्थ समोर येतो. गॅरेजमधल्या टेबलावर लोखंडी प्रेस, शेजारी रिकामी पितळी काडतुसं, छोटा काटा आणि ओळीनं मांडलेले दारूचे डबे. यातली कोणती दारू पिस्तुलाला चांगली, यावर तो अर्धा तास बोलतो. भोर, नसरापूर किंवा वेल्ह्यात बसून ते पाहणाऱ्या मुलाला, आणि त्याहून जास्त त्याच्या वडिलांना वाटतं, की या खेळात उतरायचं तर हे सगळं यावंच लागणार. तसं मुळीच नाही. आपल्याकडच्या मुलाला पहिली काही वर्षं निवडायचा असतो तो हवेच्या पिस्तुलाचा छर्रा. पण दारूचा प्रश्न मनात राहिला तर छर्र्याकडे लक्ष लागत नाही, म्हणून तो आधी हातावेगळा करू.

त्या व्हिडिओतल्या माणसाचा प्रश्न खोटा नाही. बिनधुराची दारू सगळी एकसारखी जळत नाही. काही झपाट्यानं पेटून संपते, काही सावकाश जळत दाब देत राहते. रायफलची नळी लांब असते, तिला सावकाश जळणारी दारू चालते. पिस्तुलाची नळी वीतभर, गोळी बाहेर पडायच्या आत जळून झालं पाहिजे, म्हणून तिथे जलद जळणारी. आता जलद दारू लागते थोडी, आणि थोडी दारू पितळी काडतुसाच्या तळाशी पडून राहते. चुकून दुसऱ्यांदा भरली तरी वरून दिसत नाही, आणि असा दुहेरी बार पिस्तूल फोडतो, सोबत हातही. म्हणून तिकडचे जाणकार लोक रंगावरून किंवा दाण्यावरून दारू ओळखायला जात नाहीत, दोन डबे एकत्र करत नाहीत, आणि कंपनीनं छापलेल्या तक्त्याबाहेर एक कणही सरकत नाहीत. ते काम चुलीवरच्या आमटीसारखं चव बघत करायचं नसतं.

आपल्याकडे मात्र हा प्रश्न घरात येतच नाही. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवाना नसताना काडतूस तयार करणं हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी आहे. काडतूस बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा कायद्याच्या व्याख्येत ‘दारूगोळ्या’तच मोडते. म्हणजे तो प्रेस परदेशातून हौसेनं मागवणंही अंगाशी येऊ शकतं.

खेळालाही त्याची गरज नाही. ऑलिंपिकमध्ये पिस्तुलाचे प्रकार आहेत ते १० मीटर आणि २५ मीटरचे. १० मीटरचं पिस्तूल हवेवर चालतं. २५ मीटरचं चालतं .२२ लाँग रायफल काडतुसावर, आणि त्या काडतुसाला वेगळी टोपी नसते; पेटवणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. बार झाला, कड चेपली, की ते काडतूस फेकायचं. ते तिकडचे हौशी लोकही पुन्हा भरत नाहीत. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ साली जकार्ता-पालेंबांगच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्णपदक जिंकलं ते कारखान्यातून आलेल्या काडतुसांवरच. राहिला .३२ सेंटर फायर. तो प्रकार आपल्या राष्ट्रीय स्पर्धेत आहे, पण तिथवर पोचलेल्या नेमबाजाची काडतुसं परवान्यावर आणि संघटनेमार्फत मिळतात.

दारू सांभाळणं हे आपल्या भागाला काही नवीन नाही, हे जाता जाता सांगायला हवं. भोर संस्थानचे मूळ पुरुष शंकराजी नारायण सचिव यांचे समकालीन रामचंद्रपंत अमात्य. त्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याबद्दल तपशीलवार सूचना आहेत: तो घरांपासून लांब असावा, दारूला सर्दी लागू देऊ नये, आठ-पंधरा दिवसांनी ती बाहेर काढून ऊन द्यावं, पुन्हा मोहोर करून ठेवावी, आणि पहारा रात्रंदिवस असावा. राजगड-तोरण्याचा पावसाळा ज्यानं काढला आहे, त्याला ‘सर्दी’ या शब्दाचं वजन सांगावं लागत नाही. ती सर्दी छर्र्यांनाही लागते. त्याबद्दल पुढे.

आता मूळ काम.

आधी हत्यार ओळखा

एअर पिस्तूलचा व्यास ४.५ मिलिमीटर. त्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल तर शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. दुकानदार ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा घेतो, तेवढं पुरतं. स्पर्धेचं पिस्तूल अर्धा ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटरनं सोडतं, म्हणजे पाच-सहा ज्यूल. वीस ज्यूलची मर्यादा फार लांब राहिली.

त्यावरून एक प्रश्न हमखास येतो, विशेषतः भातशेतीवाल्या घरांतून: यानं रानडुकरं हाकलता येतील का? नाही. पाच ज्यूलमध्ये डुक्कर मरत नाही, जखमी होऊन उसात किंवा झाडीत बसतं आणि दुसऱ्याच कुणाच्या अंगावर येतं. वानर आणि मोर यांच्यावर रोखणं तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सरळ गुन्हा. पिकाचं नुकसान झालं असेल तर वन खात्याकडे भरपाईचा अर्ज करा. पिस्तूल कागदावर चालवायचं.

आकार आणि वजन

कागदासाठी छर्रा सपाट तोंडाचाच घ्या. रेंजवर त्याला वाडकटर म्हणतात. तो कागद गोल, स्वच्छ कापतो. गोल किंवा टोकदार डोक्याचा छर्रा कागद फाडतो, आणि भोकाची कड वरच्या वर्तुळाला लागली आहे की नाही हे मग ठरवता येत नाही. कड लागली तर वरचे गुण मिळतात, म्हणून हा प्रश्न एकेका गुणाचा आहे. दुकानात ‘जास्त लांब जातो’ म्हणून टोकदार छर्रा हातात देतात. दहा मीटरवर लांब जाण्याचा संबंध कुठे येतो?

वजनाबद्दल रेंजवर फार वाद घालतात. सपाट छर्रे साधारण ०.४५ ते ०.५३ ग्रॅममध्ये मिळतात. हलके पिस्तुलासाठी, जड रायफलसाठी अशी एक ढोबळ वाटणी आहे आणि डब्यावरही तसं छापलेलं असतं. ती वाटणी म्हणजे नियम नव्हे. हलका छर्रा थोडा लवकर नळीबाहेर पडतो, हात हलायला तेवढा कमी वेळ मिळतो, हे तर्काला धरून आहे. पण जड छर्रा ‘खाली बसतो’ म्हणून तो वाईट, हे म्हणणं फुकट आहे. १५० मीटर वेगाचा छर्रा दहा मीटर जायला सेकंदाचा पंधरावा भाग घेतो आणि तेवढ्यात सुमारे २२ मिलिमीटर खाली येतो. वेग १४० झाला तर २५ मिलिमीटर. तीन मिलिमीटरचा फरक, साइटच्या एक-दोन क्लिकमध्ये भरून निघतो. छर्रे कुठे बसतात ते साइट पाहील. ते एकमेकांच्या किती जवळ बसतात, एवढंच तुम्ही पाहायचं.

डोक्याचं माप

डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हा फरक डोळ्याला दिसत नाही, पण नळीला कळतो. प्रत्येक नळी थोडी वेगळी असते, एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या दोन नळ्यासुद्धा. म्हणून ‘अमुक खेळाडू ४.५० वापरतो’ या माहितीचा तुम्हाला उपयोग शून्य. छर्रा अंगठ्यानं बसवताना तो आपोआप आत पडत असेल तर सैल आहे, जोर लावून ढकलावा लागत असेल तर घट्ट. हा पहिला अंदाज. खरा निकाल कागदावर.

चाचणी

ही पायरी लोक टाळतात, आणि नेमकी हीच महत्त्वाची आहे.

पूर्ण डबे विकत घेऊन चाचणी करू नका. डब्यात ५०० छर्रे असतात आणि आयात केलेले चांगले छर्रे स्वस्त नसतात. बालेवाडीला किंवा जिथे सराव करता त्या रेंजवर मोठ्या खेळाडूंकडून तीन-चार प्रकारांचे प्रत्येकी चाळीस-पन्नास छर्रे मागा, बदल्यात आपले द्या. आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी अशी नावं ऐकू येतील. सगळे स्पर्धेत चालणारे आहेत.

पिस्तूल शिकंज्यात पकडून चाचणी करता आली तर उत्तम, पण भोरला ती सोय कुठून आणणार? वाळू भरून घट्ट शिवलेली कापडी पिशवी टेबलावर ठेवा, मूठ आणि मनगट तिच्यावर टेकवा, दोन्ही हात वापरा. नळी मात्र कशालाही टेकू देऊ नका. टेकली की प्रत्येक बाराला ती वेगळी उसळते. अंतर नळीच्या तोंडापासून मोजायचं नसतं. नेमबाज उभा राहतो त्या रेषेपासून कागदापर्यंत बरोबर दहा मीटर. पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरचा दाब सगळ्या चाचणीत पुरेसा राहील असं पाहा. अर्धवट भरलेल्या सिलिंडरवर शेवटचा प्रकार तपासला आणि तो वाईट ठरला, तर दोष छर्र्याचा की हवेचा, सांगता येणार नाही.

एका प्रकारावरून दुसऱ्यावर आलात की पहिले दहा-बारा छर्रे मोजू नका. नळीत आधीच्या छर्र्याच्या शिशाचा पातळ थर असतो, तो बदलायला तेवढे बार लागतात. मग पाच-पाच बारांचे ग्रुप, दर ग्रुपला नवा कागद. क्रम अ, ब, क असा चालवला तर नंतर क, ब, अ असा उलटा चालवा. नाहीतर थकव्याचा भार कायम शेवटच्या प्रकारावर पडतो. ग्रुप मोजताना सर्वात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा व्हर्नियरनं मोजा आणि ४.५ वजा करा. मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिळतं. एखादा ग्रुप अप्रतिम आला म्हणून उडी मारू नका, एखादा बिघडला म्हणून डबा फेकू नका. प्रत्येक प्रकाराचे चार-पाच ग्रुप झाले की सरासरी पाहा, आणि सरासरीइतकंच सर्वात वाईट ग्रुपकडेही पाहा. स्पर्धेत तोच भेटतो.

दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं आहे. टेकू देऊन मारलेले छर्रे त्याच्या आत आरामात मावत असतील, तर त्या प्रकारात अडचण नाही.

नवशिक्यानं एवढं करावं का?

थोडं गणित करून पाहू, कारण इथे पालकांचे पैसे वाचतात. नऊच्या वर्तुळाचा व्यास २७.५ मिलिमीटर, आठचा ४३.५. नव्या मुलाचा हात साधारण आठच्या वर्तुळाएवढा फिरतो, म्हणजे ४० मिलिमीटर धरा. छर्र्याचा स्वतःचा पसारा चांगल्या डब्यात ९, साध्या डब्यात १५ मिलिमीटर समजू. हे पसारे सरळ बेरजेनं वाढत नाहीत, वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घ्यावं लागतं. चांगल्या छर्र्यानं एकूण पसारा ४१, साध्यानं ४३ च्या आत. जेमतेम दोन मिलिमीटर. आता हात १४ मिलिमीटरवर आलेला खेळाडू घ्या: चांगल्या छर्र्यानं साडेसोळा, साध्यानं साडेवीस. चार मिलिमीटर म्हणजे तिथे पदक जातं.

म्हणून पहिलं वर्षभर सपाट तोंडाचा, मध्यम किमतीचा, एकाच प्रकारचा छर्रा घ्या आणि हात बसवा. रोज ६० बार धरले आणि महिन्यात २५ दिवस सराव झाला तर १५०० छर्रे, म्हणजे तीन डबे. तेवढे पैसे पुरेसे आहेत. मूल दहा-नऊच्या आत सातत्यानं मारू लागलं, जिल्हा आणि राज्य स्पर्धांतून पुढच्या मावळंकर स्पर्धेची भाषा सुरू झाली, की चाचणी गंभीरपणे करा. ही स्पर्धा गणेश वासुदेव मावळंकरांच्या नावानं आहे. पहिल्या लोकसभेचे सभापती म्हणून आपण त्यांना ओळखतो. १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्षही तेच. नेमबाजीतल्या मराठी माणसांची यादी करताना त्यांचं नाव बहुधा राहून जातं.

एक-एक छर्रा काट्यावर तोलून वेगळा करणारेही भेटतील. सहाशेपैकी ५७० च्या वर जाईपर्यंत तो वेळ ट्रिगर दाबण्याच्या सरावाला द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. डबा उघडल्यावर छर्रे मऊ कापडावर पसरून मागची चेपलेली कड तेवढी बघा आणि तसे छर्रे बाजूला काढा. दोन मिनिटांचं काम, आणि त्याचा खरंच उपयोग होतो.

सर्दी, शिसं आणि हवा

जून ते सप्टेंबर वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, आणि भोरच्या पश्चिम पट्ट्यात कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते. शिशाचे छर्रे अशा हवेत राखाडी पडतात, पुढे पांढरी भुकटी धरतात. ती भुकटी म्हणजे शिशाचं संयुग, नळीला वाईट आणि माणसाला त्याहून वाईट. डबा घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. पांढरे पडलेले छर्रे पुसून वापरू नका, तेलही लावू नका. तेलाचा थेंब कमी-जास्त झाला की वेग बदलतो.

सराव संपला की साबणानं हात धुवायचे, त्याआधी वडापाव नाही. छर्रे तोंडात धरून एकेक भरण्याची सवय काही मुलांना लागते, ती पहिल्या दिवशीच मोडा. लहान भावंडांच्या हाती डबा लागू नये. घराच्या पडवीत किंवा वाड्याच्या लांब सोप्यात रेंज केली असेल तर कागदामागे शिसं अडवणारी पेटी हवी, आणि खाली सांडलेलं शिसं ओल्या फडक्यानं उचलावं, केरसुणीनं नव्हे. कागदाचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर ठेवा, म्हणजे रेंजवर गेल्यावर मान नव्यानं बसवावी लागत नाही. मारा चालू असताना त्या बाजूचं दार आतून कडी लावून बंद. पिस्तूल खाली ठेवताना नळीत सुरक्षेची रंगीत दोरी घालायची, घरी एकटे असलात तरी.

हवेच्या सिलिंडरबद्दल पावसाळ्यात जपायला हवं. हातपंपानं सिलिंडर भरताना दमट हवा दाबली जाते आणि तिच्यातलं पाणी आत साचतं. पंपाला ओलावा शोषणारी गाळणी नसेल तर या चार महिन्यांत सिलिंडर रेंजवरच भरून घ्यावा. तिथली फेरी तशीही सरावासाठी होतेच. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. दहा वर्षांपेक्षा जुना सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि घरीही वापरू नये. सेकंडहँड पिस्तूल घेताना लोक मूठ, ट्रिगर, साइट सगळं पाहतात आणि ही तारीख तेवढी पाहत नाहीत.

ठरला, आता घ्यायचा

चाचणीत एक प्रकार पुढे आला, की त्याच बॅचचे डबे एकदम घ्या. डब्याच्या तळाशी किंवा चिकटपट्टीवर बॅचचा क्रमांक असतो. नाव तेच, माप तेच, पण बॅच वेगळी असेल तर छर्रा वेगळा निघू शकतो. दोन-तीन पालकांनी मिळून मागणी दिली तर दुकानदार एका बॅचचा माल देतो, नाहीतर जे येईल ते हातात येतं. सरावाला स्वस्त छर्रा आणि स्पर्धेला महाग, अशी विभागणी करायची असेल तर दोन्हींचं वजन आणि माप एकच ठेवा, आणि स्पर्धेच्या आधी निदान आठवडाभर महागाचाच सराव करा.

वहीत लिहून ठेवा: तारीख, पिस्तूल, छर्र्याचं नाव, माप, बॅच, ग्रुपचे आकडे. नवी बॅच आली, नळी साफ केली किंवा सिलिंडर बदलला, की दोन ग्रुप मारून जुन्या आकड्यांशी ताडून पाहा. पुढे मूल २५ मीटरकडे गेलं तर .२२ च्या काडतुसांनाही हीच रीत लागू पडते. तिथे बॅचऐवजी ‘लॉट’ म्हणतात, आणि नळीचा लहरीपणा तसाच. काडतुसं मात्र रेंजच्या शस्त्रागारात राहतात, घरी नाही.

स्पर्धेच्या आदल्या रात्री नवा डबा फोडू नका. उघडलेल्या, तपासलेल्या डब्यातले शंभर छर्रे छोट्या डबीत घाला: साठ स्पर्धेचे, बाकी सायटिंगचे आणि हातून सांडणारे.